काचेवर पडल्याची जखम: टाके निघाल्यानंतरचं वर्ष

काचेवर पडून कुणाला लागलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: टाके किती पडले? पाच म्हणजे थोडक्यात निभावलं, वीस म्हणजे मोठं संकट. पण टाक्यांच्या आकड्यावरून पुढचं काहीच कळत नाही. मनगटावर तीन टाके पडलेली बाई वर्षभर धड भाकरी थापू शकत नाही आणि मांडीवर वीस टाके पडलेला माणूस दोन महिन्यांत औत धरतो, हे मी फिजिओथेरपीच्या कामात पुन्हा पुन्हा पाहते. हात किंवा पाय पुढे किती कामाचा राहील हे दोन गोष्टी ठरवतात. टाके घालायच्या आधी आत काय तुटलंय हे कुणी तपासलं का, आणि टाके निघाल्यावर वर्षभर त्याकडे कुणी लक्ष दिलं का. मराठवाड्यात या दोन्ही ठिकाणी आपण कमी पडतो. म्हणून हा लेख पहिल्या तासापासून सुरू होतो आणि वर्षापुढे जातो.

बाहेरून लहान, आत खोल

हातातली काच फुटून बोट कापणं वेगळं आणि काचेवर पडणं वेगळं. पडताना अख्ख्या शरीराचं वजन त्या तुकड्यावर येतं. धुऱ्यावर फोडून टाकलेली दारूची बाटली, कंपाउंडच्या भिंतीवर सिमेंटात रोवलेल्या काचा, न्हाणीत निसटून फुटलेला आरसा, दुकानाचं काचेचं दार, काहीही असो, तोल जाताना माणूस हात पुढे करतो. म्हणून जास्त जखमा तळहात, मनगट आणि कोपराखालच्या हाताला होतात. त्यानंतर गुडघा आणि पाऊल.

मनगटाच्या पुढच्या बाजूला, कातडीखाली अगदी थोड्या जागेत, बोटं आणि मनगट वाकवणारे डझनभर टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या), दोन मोठ्या नसा आणि दोन धमन्या आहेत. या लेखात नस म्हणजे स्पर्श आणि हालचाल पोचवणारा मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे. मधली नस तर कातडीच्या इतकी जवळ आहे की बोटाच्या पेराएवढी जखमही ती कापू शकते. काच धारदार असल्यामुळे कडा स्वच्छ कापल्या जातात, रक्त लवकर थांबतं, जखम साधी वाटते. फसगत इथेच होते.

पहिला तास

जखमेवर स्वच्छ सुती कापड ठेवून तळहाताने सलग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा. थांबलं का म्हणून मध्येच उचलून पाहू नका. हात छातीपेक्षा उंच ठेवा. बांगड्या, अंगठी, कडं लगेच काढा. सूज आली की कापावं लागतं. काचेचा मोठा तुकडा रुतलेला असेल तर ओढू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी कापडाच्या घड्या लावून तसंच दवाखान्यात न्या. सुतळी किंवा रुमाल दंडाला करकचून बांधण्याची सवय वाईट आहे. त्याने चांगल्या नसाही दबतात. रक्ताची चिळकांडी उडत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तेव्हाच रुंद पट्टी जखमेवर नव्हे, तर जखमेपासून थोडी वर, धडाच्या बाजूला घट्ट बांधा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा.

वरवरची जखम असेल तर भरपूर पाण्याने धुवा. उन्हाळ्यात टँकरचं किंवा हौदातलं साठवलेलं पाणी वापरण्यापेक्षा पिण्याच्या जारचं किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्या. हळद, चहापावडर, चुना, तंबाखू, रॉकेल यातलं काहीही जखमेत भरू नका. ते काढता काढता डॉक्टरांचा वेळ जातो आणि आतलं नीट दिसत नाही. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून ठेवा. मातीत पडून झालेली जखम असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं.

टाके घालण्याआधीची पाच मिनिटं

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. जागा बधिर करणारी सुई टोचण्याआधी बोटांची संवेदना तपासली गेली पाहिजे. एकदा सुई दिली की बोट कापल्यामुळे बधिर आहे की औषधामुळे, हे कळायला मार्ग उरत नाही. गर्दीच्या वेळी ही तपासणी राहून जाऊ शकते, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. म्हणून सोबतच्या माणसाने आदराने पण स्पष्ट विचारायचं: "डॉक्टर, टाक्यांआधी बोटांची हालचाल आणि संवेदना बघून कागदावर लिहाल का?"

तुम्ही स्वतःही पाहू शकता. प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर एकट्याने वाकतं का? अंगठा करंगळीच्या टोकाला टेकतो का? बोटं फाकवता येतात का, सरळ होतात का? डोळे मिटून प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांना कापसाचा स्पर्श करा आणि चांगल्या हाताशी तुलना करा. "लागतंय, पण वेगळं लागतंय" हे उत्तर "लागतंय" समजू नका. बोट वाकतंय पण थोडा विरोध केला की कळ येते, असं असेल तर टेंडन अर्धवट कापलेलं असू शकतं. पायाला लागलं असेल तर अंगठा वर उचलता येतो का, पाऊल खाली दाबता येतं का आणि तळव्याला स्पर्श कळतो का हे पाहा. गुडघ्यावर पडून काच आत गेली असेल तर पाय सरळ करून उचलता आला पाहिजे. शिवाय काच सांध्यात शिरली आहे का हे डॉक्टरांनी पाहायलाच हवं, कारण सांध्यातला पू काही दिवसांत कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) खराब करतो.

लहान मूल सांगू शकत नाही. घरी आल्यावर बोट मुंग्या आल्यासारखं धरत असेल, त्या बोटाने काही पकडत नसेल, तर जखम भरल्यानंतर एक सोपी तपासणी करता येते. दोन्ही हात अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा. नस शाबूत असलेल्या बोटाच्या टोकाला सुरकुत्या पडतात, नस तुटलेलं बोट गुळगुळीत राहतं.

एक्स-रेबद्दल गैरसमज फार आहे. काच एक्स-रेमध्ये दिसत नाही, असं लोक ठामपणे सांगतात. दिसते. साधारण दोन मिलिमीटरपेक्षा मोठा जवळपास कुठल्याही काचेचा तुकडा साध्या एक्स-रेत दिसतो. दिसत नाही तो बाभळीचा काटा आणि लाकडाची कुसळ. तेव्हा काचेवर पडून खोल जखम झाली असेल तर टाक्यांआधी एक्स-रे मागून घ्या.

टेंडन किंवा नस तुटल्याचं कळलं तर गावातल्या दवाखान्यात कातडी तात्पुरती जोडून पुढे पाठवणं हा योग्यच निर्णय आहे. पण "पुढे" म्हणजे पुढच्या महिन्यात नव्हे. कापलेलं टेंडन ताणलेल्या रबरासारखं मागे सरकतं. पहिल्या काही दिवसांत ते सरळ जोडता येतं, दोन-तीन आठवड्यांनंतर अवघड होत जातं आणि मग दुसरीकडून टेंडन घेऊन टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया करावी लागते. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाचं रुग्णालय, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, यांपैकी जवळ असेल तिथे अस्थिरोग किंवा शल्यचिकित्सा विभागात हाताच्या शस्त्रक्रियेची चौकशी करा.

टाके निघेपर्यंत

चेहऱ्याचे टाके साधारण पाच दिवसांत, डोक्याचे सात ते दहा, हाताचे दहा ते चौदा, सांध्यावरचे आणि तळपायाचे चौदा दिवसांत किंवा थोडे उशिरा काढतात. हात झोळीत लटकवून ठेवण्याने सूज वाढते. तो उंच ठेवा आणि खांदा, कोपर, मोकळी असलेली बोटं दर तासाला हलवा. खांदा आखडला तर तो सोडवायला हाताइतकाच वेळ जातो. मधुमेह असेल तर साखर या काळात काटेकोर सांभाळा. बिडी, सिगारेट आणि तंबाखू बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमही उशिरा भरते, नसही.

नस तुटली असेल तर

इथे सगळ्यात जास्त धीर लागतो आणि इथेच लोक सर्वात लवकर सोडून देतात. जोडलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला एक इंच. सुरुवातीचे तीन-चार आठवडे तर काहीच घडत नाही. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सतरा-अठरा सेंटिमीटर अंतर धरलं तर बोटाच्या टोकाला स्पर्श परतायला सहा-सात महिने लागणार. कोपराजवळ कापलं असेल तर वर्षाहून अधिक. दोन महिन्यांत फरक पडला नाही म्हणून "ऑपरेशन वाया गेलं" असं म्हणणाऱ्या घरच्यांना हे गणित समजावून सांगावं लागतं.

नस पुढे सरकते आहे का, हे घरीच पाहता येतं. जखमेच्या जागेपासून बोटाकडे हळूहळू टिचकी मारत जा. जिथे मुंग्यांचा झटका बोटात जातो तिथे वाढत्या नसेचं टोक आहे. पेनाने खूण करून तारीख लिहा. महिन्याने ती खूण बोटाकडे सरकलेली असेल तर काम चालू आहे. तीन महिने ती एकाच जागी असेल तर डॉक्टरांना दाखवा. नसेची विद्युत तपासणी करून पुन्हा शस्त्रक्रिया लागेल का ते ठरवतात. या बाबतीत "बघू पुढच्या दिवाळीला" चालत नाही. नसेविना राहिलेला स्नायू बारा ते अठरा महिन्यांत कायमचा वाळतो, मग नस पोचली तरी उपयोग होत नाही.

तोपर्यंत बधिर हात सांभाळणं हे खरं काम आहे. चूल आणि तवा हा सर्वात मोठा धोका. भाकरी उलटताना बोट भाजतं, बाईला कळत नाही, वास आल्यावर लक्षात येतं. म्हणून गरम भांडं चांगल्या हाताने किंवा सांडशीनेच धरायचं, अंघोळीचं पाणी दुसऱ्या हाताने तपासायचं आणि रोज झोपताना उजेडात हात नीट बघायचा: फोड, चीर, काटा. कापूस वेचताना बोंडाची टोकं बधिर बोटात रुततात. त्या हातात सुती हातमोजा हवाच. नस तुटलेल्या भागाला घाम येत नाही, कातडी कोरडी पडून फाटते, तिथे रोज खोबरेल तेल लावा.

तळहाताला थोडा स्पर्श परतला की मेंदूला पुन्हा शिकवावं लागतं. नवी नस जुन्याच वाटेने जाते असं नाही, त्यामुळे तर्जनीला लावलेलं मधल्या बोटाला लागल्यासारखं वाटतं. परातीत ज्वारी घ्या, तिच्यात सुपारी, नाणं, चावी, बटण लपवा आणि डोळे मिटून बोटांनी ओळखून काढा. चुकलं की डोळे उघडून, बघत बघत तीच वस्तू पुन्हा चाचपा. कापूस, गोणपाट, रेशमी कापड अशा तीन पोतांवर बोट फिरवा, आधी बघून, मग डोळे मिटून. दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं पुरेत. मुलांची नस मोठ्या माणसांपेक्षा बरीच चांगली सुधारते, म्हणून मुलांच्या बाबतीत हे अजिबात चुकवू नका.

करंगळीकडची नस गेली असेल तर शेवटची दोन बोटं पंजासारखी वाकडी होतात आणि अंगठ्याशेजारचा खळगा पोकळ दिसू लागतो. त्यासाठी बोटांना आधार देणारी छोटी पट्टी (स्प्लिंट) मिळते, ती सुरुवातीपासून वापरली तर सांधे आखडत नाहीत. आणि ज्यांना लागून पाच-दहा वर्षं झाली, त्यांनीही आशा सोडू नये. सांधे मोकळे असतील तर चालू असलेलं एक टेंडन उचलून बंद पडलेल्या कामासाठी जोडण्याची शस्त्रक्रिया इतक्या वर्षांनीही होते. तिने स्पर्श परत येत नाही, पण पकड येऊ शकते.

टेंडन जोडलं असेल तर

टेंडनचा शत्रू दोन्हीकडे असतो. फार लवकर जोर दिला तर तुटतं, अजिबात हलवलं नाही तर आजूबाजूला चिकटतं. पहिले सहा आठवडे आधाराच्या पट्टीत हात आणि शिकवलेली तेवढीच हालचाल, रोज, न चुकता. सहा ते आठ आठवड्यांदरम्यान हलकी कामं: जेवण, बटण लावणं, कपड्यांच्या घड्या. बारा आठवड्यांपर्यंत भरलेली घागर, कळशी, फावडं, दूध काढणं नाही. कोयता, टिकाव अशी झटक्याची कामं साधारण चार महिन्यांनी, तीही डॉक्टरांना विचारून.

कामात अचानक "टक्" झालं आणि बोट वाकायचं बंद झालं तर टेंडन पुन्हा तुटलंय. त्याच दिवशी दाखवा. तीन महिन्यांनंतर दुसऱ्या हाताने बोट पूर्ण वाकवता येतं पण आपलं आपण वाकत नाही, असं असेल तर ते चिकटलं असण्याची शक्यता जास्त. काही महिने व्यायाम नीट करूनही सुटलं नाही तर चिकटलेलं सोडवायची छोटी शस्त्रक्रिया असते. दुसऱ्या हातानेही वाकत नसेल तर सांधाच आखडलाय, त्याचा उपाय वेगळा.

बीड, धाराशिव, जालना भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण मला माहीत आहे. उचल घेतलेली असते, मुकादम थांबत नाही आणि सहा आठवडे हात बांधून बसणं परवडत नाही. पण पाचव्या आठवड्यात कोयता धरून टेंडन तुटलं तर एक हंगाम वाचवायला गेलो आणि पुढचे सगळे हंगाम गेले, असं होतं. त्या काळात जोडीतल्या जखमी माणसाकडे तोडणीऐवजी पोरांचं, स्वयंपाकाचं, मोळ्या मोजण्याचं काम देता येतं का, हे निघण्याआधीच मुकादमाशी बोलून घ्या.

आत राहिलेली काच

जखम भरली, पण दाबलं की एकाच बिंदूवर सुई टोचल्यासारखं होतं. किंवा दर दोन-तीन महिन्यांनी तिथेच सूज येते, पू येतो, गोळ्यांनी बसतो, पुन्हा येतो. आत तुकडा असू शकतो, मग लागून वर्षं झाली असली तरी. एक्स-रे दोन बाजूंनी काढून घ्या; लहान तुकडा सोनोग्राफीत सापडतो. घरी सुईने उकरू नका, तुकडा आणखी खोल जातो. प्रत्येक तुकडा काढलाच पाहिजे असंही नाही. खोल, बारीक, न दुखणारा तुकडा तसाच ठेवतात. दुखत असेल, पू होत असेल किंवा नस, सांधा, रक्तवाहिनीजवळ असेल तर काढतात.

जखमेजवळ काही आठवड्यांनी गाठ आली आणि ती नाडीसारखी उडत असेल तर तिला हात लावू नका, कुणाला चिरूही देऊ नका. ती काचेने जखमी झालेल्या धमनीची फुगलेली भिंत असू शकते. थेट मोठ्या रुग्णालयात जा.

व्रण, थंडी, दुखणं

व्रण पिकायला वर्ष-दीड वर्ष लागतं. पहिल्या काही महिन्यांत तो लाल आणि जाड होतो, तेव्हा घाबरायचं कारण नाही. टाके निघून जखम पूर्ण बंद झाली की दोन-तीन आठवड्यांनी तेल लावून अंगठ्याने गोल आणि आडवी मालिश सुरू करा, दिवसातून तीनदा पाच मिनिटं. सिलिकॉन जेल किंवा पट्टी परवडत असेल तर काही महिने सलग लावा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ताजा व्रण काळा पडतो, तो गमछाने किंवा बाहीने झाका. जखमेच्या हद्दीबाहेर पसरत जाणारा, खाजणारा व्रण वेगळा, त्याला इंजेक्शनचे उपचार आहेत. सांध्यावरून गेलेला व्रण बोट किंवा गुडघा ओढून धरत असेल तर लवकर दाखवा. चेहऱ्यावरचा व्रण सुधारण्याची शस्त्रक्रिया मात्र घाईने करू नये, साधारण वर्षभर थांबावं.

नस किंवा धमनी कापलेल्या हाताला थंडी फार लागते. डिसेंबरच्या पहाटे परभणीच्या शिवारात हरभऱ्याला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाची बोटं पांढरी पडून ठणकतात. हे दुखणं पहिली दोन-तीन वर्षं टिकू शकतं. लोकरीचा मोजा आणि थंड पाण्यात हात न घालणं, इतकाच उपाय पुष्कळदा पुरतो.

जखम भरत असूनही दुखणं वाढतच चाललं, कापडाचा स्पर्शही सहन होईना, हात सुजून चकचकीत दिसू लागला, कधी गरम कधी गार, तर त्याला "मनाचं" म्हणून झटकू नका. हा वेगळा आजार आहे आणि पहिल्या महिन्यांत उपचार सुरू केले तर आटोक्यात येतो. हात बांधून ठेवण्याने तो बळावतो.

पडल्याचं दृश्य महिना उलटल्यावरही स्वप्नात येत असेल, मूल न्हाणीत जायला किंवा काचेचा ग्लास धरायला घाबरत असेल तर त्यावरही उपचार आहेत. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीत बोलता येतं.

कागदपत्रं आणि पैसे

पहिल्या दिवसापासून एक फाइल करा: केसपेपर, एक्स-रे, शस्त्रक्रियेची नोंद, डिस्चार्ज कार्ड, जखमेचे मोबाइलवरचे फोटो. शस्त्रक्रिया महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारा, बिल झाल्यावर नव्हे. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर तुमचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे. अपघातात एक हात, पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाला तर त्यात १ लाख रुपये मिळतात. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, तिचा प्रस्ताव ३० दिवसांत द्यायचा असतो, म्हणून सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) लगेच कळवा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात कामावर असताना लागलं आणि ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल, तर अपघाताची नोंद कारखान्याच्या रजिस्टरमध्ये झाली का, हे स्वतः पाहा. वर्षाअखेर हात अधू राहिला तर दिव्यांगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. बऱ्याच सवलतींसाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व लागतं आणि ते ठरवताना हीच फाइल मागतात.

ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या तळावर जाणाऱ्यांनी या फाइलचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायामांचा व्हिडिओ करून घ्यावा. तपासणीची तारीख तोडणीच्या दिवसांत येत असेल तर आधीच सांगा; त्या भागातल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी लिहून मिळते.